गाडीच्या दाराचं लॅच घरी दुरुस्त करताना: कुठलं सामान कामाचं, कुठलं नाही

दार लागत नाही किंवा उघडत नाही म्हटलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, 'लॅच गेलं, बदलावं लागेल.' वॅगन-आर, ऑल्टो, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांच्या बाबतीत हा निकाल फार लवकर दिला जातो. लॅच तुटलेलं क्वचितच असतं. आत धूळ आणि वाळून चिकट झालेलं ग्रीस यांचा लगदा साठलेला असतो, नाहीतर हँडलपासून लॅचपर्यंत जाणाऱ्या सळीची पाच-दहा रुपयांची प्लास्टिक क्लिप सुटलेली असते. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी फवारा, मग ग्रीस, मग क्लिपा आणि सगळ्यात शेवटी नवं लॅच. यातली प्रत्येक वस्तू कितपत कामाची आहे ते त्याच क्रमाने पाहू.

लॅचच्या आत दोन भाग महत्त्वाचे. एक पंजा, जो चौकटीवरच्या यू-आकाराच्या स्ट्रायकरला मिठी मारतो. आणि दुसरी खिट्टी, जी पंजाला त्या जागी अडवून धरते. दोघांना आपापली स्प्रिंग असते. दार लावताना पंजा फिरतो, खिट्टी पहिल्या खाचेत पडते, तो पहिला 'टक', म्हणजे अर्धं लागलेलं दार. दुसऱ्या खाचेत पडते तो दुसरा 'टक', म्हणजे पूर्ण लागलेलं. हँडल ओढलं की सळी किंवा केबल खिट्टीला बाजूला सारते आणि पंजा सुटतो. एवढंच यंत्र. सेंट्रल लॉकची १२ व्होल्टची छोटी मोटर, दार उघडं असल्याची खूण देणारा स्विच, मागच्या दारांतला चाइल्ड लॉक ही सगळी याच्याभोवतीची मंडळी.

एक पैसाही खर्च करण्याआधीची तपासणी अशी. दार उघडं ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पंजा आत ढकला. दोन स्वच्छ 'टक' ऐकू यायला हवेत. मग बाहेरचं हँडल ओढा, पंजा झटकन उघडला पाहिजे. पुन्हा लावा आणि आतल्या हँडलने तेच करा. पंजा खाचेत थांबतच नसेल, तर खिट्टी चिकटली आहे किंवा तिची स्प्रिंग गेली आहे, किंवा हँडलची सळी इतकी ताणलेली आहे की खिट्टी कायम अर्धवट उचललेली राहते. एका हँडलने सुटतो आणि दुसऱ्याने नाही, तर लॅच बिनदोष आहे. दोष त्या हँडलच्या सळीत किंवा केबलमध्ये. मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर आधी दाराच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा खटका बघा. धुताना किंवा सामान भरताना तो सरकतो आणि लोक त्यापायी ट्रिम, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, उघडून बसतात. आणि दार उघडं असताना पंजा बंद स्थितीत अडकलेला दिसला, तर दार अजिबात आपटू नका. बंद पंजावर स्ट्रायकर आदळला की जे लॅच साफसफाईने वाचलं असतं ते खरोखरच वाकतं.

आता फवारा. डब्ल्यूडी-४० घराघरात पोचला आहे आणि त्याचा उपयोगही खरा आहे, पण तो नेमका कशासाठी हे नावातच आहे. पाणी हटवण्यासाठीचं चाळिसावं मिश्रण, अमेरिकेतल्या सॅन डिएगोत १९५३ साली तयार झालेलं. गंज सैल करणं, वाळलेलं ग्रीस विरघळवणं, पाणी बाहेर काढणं ही कामं तो उत्तम करतो. लॅचला कायमचं वंगण म्हणून तो पुरा पडत नाही. पातळ थर काही आठवड्यांत उडून जातो आणि जाताना उरलंसुरलं जुनं ग्रीसही धुऊन नेतो. 'डब्ल्यूडी मारला, महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच' या तक्रारीचं कारण हेच. दोष फवाऱ्याचा नाही, काम अर्ध्यावर सोडल्याचा आहे.

मारायची पद्धत अशी. दाराच्या रंगावर आणि सीटवर जुनं फडकं धरा. नळी थेट पंजाच्या फटीत घालून दोन-तीन सेकंद फवारा. दहा मिनिटं थांबा. मग स्क्रू ड्रायव्हरने पंजा लावायचा, हँडलने सोडायचा, असं वीस-पंचवीस वेळा करा. काळं पाणी ओघळेल, ते पुसा. पुन्हा फवारा. ओघळ स्वच्छ येईपर्यंत, साधारण तीन फेऱ्या. वर्षानुवर्षं न उघडलेल्या लॅचला पाच लागतात. ब्रेक क्लीनर याहून जोरात साफ करतो, पण पंजावरचं प्लास्टिकचं आवरण, रबर आणि गाडीचा रंग या तिन्हींना त्याचा धोका आहे, तेव्हा लॅच गाडीतून बाहेर काढलेलं असेल तरच आणि तोही धातूच्या भागापुरताच वापरा. स्विचच्या तोंडावर मात्र यातलं काहीच नको. तिथे इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर. दार बंद असूनही डॅशवर दार उघडं असल्याचा दिवा जळत राहतो, त्यावर हा एक उपाय बऱ्याचदा पुरतो.

साफ झाल्यावर वंगण. इथे माझं मत पक्कं आहे: पांढरं लिथियम ग्रीस, फवाऱ्याच्या डब्यातलं. फवारताना ते पातळ असतं म्हणून खिट्टीच्या मागच्या फटीत शिरतं, मग त्यातला द्रव उडून घट्ट होतं आणि जागेवर राहतं. उन्हात वितळून ओघळत नाही, पावसात लवकर धुपत नाही. नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचं चालेल, डब्यासोबत बारीक नळी असली पाहिजे एवढंच बघा. दोन सेकंदांचा एक फवारा पंजावर, एक खिट्टीकडे, आणि स्ट्रायकरवर बोटाने पुसट थर. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पँटवर आणि साडीवर पांढरे डाग.

डब्यातलं, बेअरिंगला लावतात ते तपकिरी किंवा काळपट ग्रीस लॅचला नको. ते फटीत शिरत नाही, बाहेरच बसतं आणि धूळ गोळा करतं. लॅच सुटं काढून हातात घेतलं असेल तर चालेल, तेही हरभऱ्याएवढंच. इंजिन ऑइल पातळ असतं, खाली ओघळतं. खोबरेल किंवा खाण्याचं कुठलंही तेल कधीच नाही. खोबरेल थंडीत गोठतं आणि बाकीची तेलं हवेने चिकट होऊन नवा लगदा तयार करतात. चावीच्या छिद्रात यातलं काहीही ओतू नका. तिथे कोरडी ग्राफाइट पावडर, चिमूटभर. काचेच्या रबरी चॅनलला आणि दाराच्या बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, सिलिकॉन स्प्रे. त्याचा लॅचशी थेट संबंध नाही, पण कडक झालेलं बीडिंग दार बाहेर ढकलतं आणि मग दार 'आपटल्याशिवाय लागत नाही'. नवं बीडिंग बसवल्यावर पहिले काही दिवस हेच होतं, ते आपोआप दबतं.

एवढ्याने भागलं नाही तर ट्रिम उघडावं लागतं, आणि इथे दोन स्वस्त वस्तू पैशाचं मोल पुरेपूर देतात. पहिली, नायलॉनच्या पट्ट्यांचा ट्रिम काढायचा पाच नगांचा संच. स्क्रू ड्रायव्हरने ट्रिम उचकटलं की रंगावर ओरखडा आणि हार्डबोर्डला भोक हे ठरलेलं. दुसरी, ट्रिमच्या क्लिपा, एका दारासाठी किमान दहा जास्तीच्या. जुन्या क्लिपांपैकी दोन-चार तुटणारच, आणि तुटलेल्या जागा तशाच सोडल्या की ट्रिम खडखडतं. क्लिपा घेताना जुनी सोबत न्या. डोकं सारखं दिसतं, देठाची जाडी वेगळी असते.

ट्रिम काढायचा क्रम. काच पूर्ण वर करा, खाली असली तर ती दाराच्या पोटात आडवी येते. बॅटरीची ऋण तार सोडा. आतल्या हँडलच्या खोबणीतला स्क्रू, हाताच्या आधारामागचे स्क्रू, आरशाजवळचं त्रिकोणी कव्हर. हाताने फिरवायच्या काचेचा दांडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना तिथे एकही स्क्रू सापडणार नाही. दांड्यामागे तारेची वाकडी क्लिप असते. फडक्याची पट्टी दांडा आणि ट्रिमच्या मधल्या फटीत घालून, बूट पुसताना करतो तशी दोन्हीकडून मागेपुढे ओढली की क्लिप टुणकन उडते. दुसरा हात तिच्यावर धरा. सीटखाली गेली की शोधत बसावं लागतं. मग खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा सोडवत वर या आणि ट्रिम वर उचलून काचेच्या कडेवरून काढा. स्विचच्या वायरी जोडलेल्या आहेत हे विसरून ओढू नका.

आतला प्लास्टिकचा कागद हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. काचेच्या बाजूने दारात पाणी जातंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना आहे. हा कागद ते पाणी ट्रिमपासून दूर ठेवतो. घाईत फाडून फेकला तर पुढच्या पावसात ट्रिमचा हार्डबोर्ड फुगतो, पायाखालचा गालिचा ओला होतो. लॅचच्या बाजूचा कोपरा तेवढाच हळू सोडवा. काळा चिकट लांबट गोळा दोन्ही बाजूंना थोडा थोडा राहू द्या, पुन्हा दाबला की चिकटतो. अगदी वाळला असेल तर ब्युटाइल टेपची एक गुंडाळी आणा. हात घातलाच आहे तर दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करा. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात, ही भोकं बुजणं म्हणजे लॅचच्या खालच्या बाजूला आणि दाराच्या पत्र्याला एकदमच गंज.

आता सळ्या. बाहेरच्या हँडलपासून, चावीपासून आणि लॉकच्या वरच्या खुंटीपासून येणाऱ्या सळ्या लॅचच्या लीव्हरना प्लास्टिकच्या छोट्या क्लिपांनी धरलेल्या असतात. आतलं हँडल जुन्या गाड्यांत सळीने, नव्यांत बहुधा केबलने जोडलेलं. क्लिप ओढायची नसते. तिचा कान सळीवरून बाजूला फिरवायचा, मग सळी आपसूक निघते. उन्हाने कडक झालेली क्लिप फिरवताना तुटते, म्हणून या क्लिपाही आधीच चार आणून ठेवा, उजव्या आणि डाव्या वेगळ्या असतात. सळी काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा. बाहेरच्या हँडलची सळी बसवताना हँडल सोडलेल्या स्थितीत सळी आणि लीव्हरमध्ये एक-दोन मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे. मोकळीक शून्य झाली की खिट्टी पूर्ण बसत नाही आणि दार चालत्या गाडीत सुटू शकतं. जास्त झाली की हँडल पूर्ण ओढूनही दार उघडत नाही. काही गाड्यांत सळीच्या टोकाला आटे असतात आणि प्लास्टिकची चाकी फिरवून हे जुळवता येतं. नवं लॅच घालून, सळी तशीच ठेवून 'नवं लॅचही खराब निघालं' असं म्हणत ते परत करणारे कमी नाहीत.

लॅच धरणारे तीन स्क्रू दाराच्या कडेवर दिसतात. मारुतीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत त्यांना तीन नंबरचा फिलिप्स लागतो. घरातला नेहमीचा दोन नंबरचा वापरला की डोकं गोल होणार, आणि मग ड्रिलशिवाय सुटका नाही. कारखान्यातून या स्क्रूंना आटे धरून ठेवणारा डिंक लावलेला असतो, त्यामुळे पहिली पाव फेरी जड जाते. स्क्रू ड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन ठोके द्या, मग अंगाचा भार टाकून फिरवा. हातोडीने चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर भाड्याने किंवा उसना मिळाला तर त्याहून चांगलं. या एका कामासाठी विकत घेण्याइतका तो गरजेचा नाही. काही गाड्यांत लॅचला बाहेर यायला काचेच्या मागच्या उभ्या चॅनलची अडचण होते, त्याचा १० मिमीचा बोल्ट सैल केला की जागा होते. परत बसवताना स्क्रूच्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा, एक थेंब. लाल वापरू नका, पुढच्या वेळी तुम्हालाच तो उघडायचा आहे.

फोक्सवॅगन पोलोसारख्या गाडीला हे वर्णन लागू करू नका. तिथे लॅचचे बोल्ट बारा दातांच्या आठ मिमी बिटचे असतात, दाराचा स्विच लॅचच्या पोटातच असतो आणि आतली रचनाही वेगळी. तिथे साफसफाई आणि ग्रीसपर्यंत घरी करा, पुढचं काम त्या गाडीच्या माहीतगार माणसाकडे.

आणि आता नवं लॅच, कारण काही वेळा ते घ्यावंच लागतं. खिट्टीची स्प्रिंग तुटली, पंजावरचं प्लास्टिक निघून धातू झिजला, पंजा हाताने हलवताना बाजूला डुगडुगतो, किंवा धडकेनंतर तोंड वाकलं, तर साफसफाईचा आग्रह सोडा. स्प्रिंगचा मुद्दा किरकोळ समजू नका. खिट्टीच्या स्प्रिंगचा आधार तडकतो या एकाच कारणासाठी फोर्डने २०१६ साली सुमारे २४ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि त्या मोहिमेत ऑगस्टमध्ये आधी अमेरिकेतली जास्त उष्ण राज्यं घेतली होती. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाने हे लक्षात ठेवावं.

बाजारात तीन प्रकार मिळतात: कंपनीच्या खोक्यातलं अस्सल, दुय्यम बाजारातलं नवं, आणि भंगारातल्या गाडीतून काढलेलं. पुण्यात नाना पेठेत पहिले दोन शेजारीशेजारी दुकानांत मिळतात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिसरा. पहिलं घ्या. कारण किमतीतला फरक लॅचवर वाचवण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय नियमात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ११ क्रमांकाच्या वाहन नियमात, पूर्ण लागलेल्या लॅचने स्ट्रायकरपासून सरळ ओढल्यावर ११,००० न्यूटन आणि पंजा उघडण्याच्या दिशेने ९,००० न्यूटन सोसलं पाहिजे असं आहे. ११,००० न्यूटन म्हणजे जवळपास ११२० किलोचा भार. अर्ध्या लागलेल्या स्थितीला ४,५०० न्यूटनच, म्हणून पहिल्या 'टक'वर गाडी चालवायची नसते. खोक्यावर नाव नसलेल्या लॅचची ही चाचणी कोणी घेतली आहे हे दुकानदार सांगू शकत नाही.

दुय्यम बाजारातलं घ्यायचीच वेळ आली, तर दुकानातच हे बघा. पंजावर प्लास्टिकचं आवरण आहे का. नसेल तर दार लोखंडी आवाजात लागेल आणि स्ट्रायकर खाल्ला जाईल. रिव्हेट बोटाने हलतात का. स्क्रू ड्रायव्हरने दोन 'टक' स्वच्छ येतात का. जुनं लॅच सोबत नेलं असेल तर दोन्ही तराजूवर ठेवा; नवं ठळकपणे हलकं भरलं तर पत्रा पातळ आहे, परत करा. भंगारातलं लॅच मी कोणालाही सुचवणार नाही. ती गाडी भंगारात का आली हे माहीत नसतं, आणि धडकेत ताणलेला पंजा डोळ्यांना सरळच दिसतो. आतलं हँडल, ट्रिम, आरशाचं कव्हर मात्र तिथून खुशाल आणा.

मागवताना चासी नंबर द्या, 'वॅगन-आरचं लॅच' एवढं सांगून भागत नाही. ही गाडी भारतात १९९९ला आली, २०१०ला आणि २०१९ला पूर्ण बदलली; एकीचं लॅच दुसरीला बसेल हे गृहीत धरू नका. सेंट्रल लॉकची मोटर लॅचसोबतच येते की वेगळी, तेही विचारा. किमतीतला मोठा फरक तिथे पडतो, आणि खोक्यावर छापलेली एमआरपी बघूनच पैसे द्या. फक्त मोटर गेली असेल आणि ती वेगळी निघत असेल, तर दुय्यम बाजारातली मोटर घ्यायला माझी हरकत नाही, तिच्यावर दाराची पकड अवलंबून नाही. पण मोटर बदलण्याआधी दार आणि चौकट यांच्यामधली रबरी नळी मागे सारून आतल्या वायरी बघा. हजारो वेळा वाकून एखादी तिथेच तुटलेली असते. आरएच आणि एलएच ही खूण गाडीत बसून पुढे तोंड केल्यावरच्या उजव्या-डाव्याची आहे. गाडीसमोर उभं राहून ठरवलं की उलटं लॅच घरी येतं.

दार बंदच अडकलं आणि दोन्ही हँडलने उघडत नसेल, तर ही या कामातली सगळ्यात अवघड अवस्था. एकाने बाहेरून दार कमरेने जोरात आत दाबायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने आतलं हँडल ओढायचं. स्ट्रायकरचा ताण गेला की खिट्टी अनेकदा सुटते. सुटत नसेल तर दाराच्या फटीतून लांब नळीने फवारा, अर्धा तास थांबा, पुन्हा करा. तरीही नाही, तर बंद दाराचं ट्रिम आतून काढावं लागतं आणि सीट आडवी येते. ते घरी करता येतं, पण ट्रिमची एखादी कड तुटणार हे धरून चाला.

दार नीट जुळत नाही म्हणून स्ट्रायकर सरकवायचा असेल, तर आधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा, आणि एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा. दार खाली झुकलं असेल तर स्ट्रायकर खाली आणणं हा उपाय नाही. उघडं दार टोकाला धरून वर उचला. बिजागरीत खडखड जाणवली तर पिना झिजल्या आहेत आणि आधी त्या बदलायच्या. झुकलेल्या दारात नवं लॅच घातलं तर त्याचाही पंजा तिरका झिजतो.

ट्रिम लावण्यापूर्वी सगळं पुन्हा एकदा: स्क्रू ड्रायव्हरने दोन 'टक', बाहेरचं हँडल, आतलं हँडल, खुंटी, चावी, रिमोट, मागच्या दाराला चाइल्ड लॉक. मग दार प्रत्यक्ष लावून दहा वेळा उघडा, पण पहिल्या वेळेपासूनच काच खाली करून, म्हणजे दार नाहीच उघडलं तर आत हात घालता येईल.